हा पेपर कोण तपासतो?

हैदराबादहून एका निवृत्त गणिताच्या सरांचा मेसेज आला आहे. सर स्वतः या सदराचे वाचक नाहीत. वाचक आहेत त्यांच्या सूनबाई, आणि त्यांनीच मोबाइल सासऱ्यांच्या हातात देऊन ‘हिला विचारा’ म्हटलं. नातू दहावी झाला, मार्क चांगले पडले, त्याला कन्सोल हवाय. सरांनी शब्द दिलाय. पन्नास हजारांच्या पुढचा मामला आहे आणि पैसे पेन्शनमधले आहेत.

नातवाने पाच गेमची यादी लिहून दिली आहे. त्याचा फोटोही मेसेजबरोबर आलाय. वहीचं पान, निळं पेन, प्रत्येक नावापुढे इंटरनेटवरून बघून लिहिलेला आकडा. सगळ्यात वर ‘जीटीए फाइव्ह’, पुढे ९७. सगळ्यात खाली ‘राजी’, पुढे ७०. सरांनी लिहिलंय, ‘मी आयुष्यभर पेपर तपासले. ९७ आणि ७० यातला फरक मला कळतो. पण हा पेपर कोण तपासतो, प्रश्नपत्रिका कोण काढतो आणि फेरतपासणीची सोय आहे का, एवढं सांगाल का?’

सर, तुमचा प्रश्न इतका बरोबर आहे, की या महिन्याचं सदर त्यालाच दिलं. ‘कुठला कन्सोल घेऊ’ हे विचारणारे दर आठवड्याला भेटतात. आकड्यावर शंका घेणारे तुम्ही पहिलेच.

माझी आणि गेमच्या आकड्यांची पहिली भेट इंदूरच्या जेल रोडवर झाली. नव्वदीचं दशक, उन्हाळ्याची सुट्टी. बाबांनी आम्हा भावंडांना टीव्ही गेम घेऊन दिला होता. राखाडी डबा, दोन रिमोट, पिवळी कॅसेट. कॅसेटवर छापलेलं होतं: ९९९९ इन १. मी त्या रात्री हिशेब केला होता, की रोज दहा गेम खेळले तरी हजार दिवस लागतील. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं, की आत खरे गेम पंधराएक आहेत. बाकी सगळे तेच, फक्त रंग बदललेला, नाहीतर दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. मारिओ तर चाळीस वेळा होता.

त्याच्याही आधी दादा कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जायचा. तासावर पैसे. मुलींनी तिथे जायची पद्धत नव्हती, म्हणजे कुणी मनाई केली नव्हती, पण कुणी जात नव्हतं. मग दादा घरी येऊन मला सांगायचा. ‘तो गाडीवाला बोगस आहे, वळतच नाही.’ ‘मारामारीचा मस्त आहे, पण तिसऱ्या राउंडला चीटिंग करतो.’ हे माझ्या आयुष्यातले पहिले रिव्ह्यू. त्यात आकडा नव्हता. पण दादाला काय आवडतं, तो कशावर चिडतो आणि कधी फुशारकी मारतो हे मला पाठ होतं, त्यामुळे त्याचं बोलणं किती टक्के धरायचं हे मी ठरवू शकत होते. तीस वर्षं खेळतेय, त्याहून विश्वासू समीक्षक मला अजून सापडलेला नाही.

आता सरांच्या प्रश्नाकडे. नातवाने लिहिलेला आकडा बहुतेक मेटाक्रिटिक नावाच्या वेबसाइटवरचा आहे. ती २००१ पासून चालू आहे. ती स्वतः गेम तपासत नाही. जगभरच्या मासिकांनी आणि वेबसाइटींनी दिलेले मार्क ती गोळा करते, शंभरात बसवते आणि सरासरी काढते. कुणी पाच तारे दिलेले असतात, कुणी दहापैकी साडेआठ, सगळं एकाच मापात. सरासरीही साधी नाही. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन दिलं जातं. कुणाला किती, हे जाहीर केलेलं नाही. गणिताच्या सरांना हे वाचून काय वाटेल याची मला कल्पना आहे.

पेपर तपासणारे लोक मात्र खरे आहेत आणि बहुतेक प्रामाणिकही. त्यांना पब्लिशरकडून गेम बाजारात येण्याआधी, कधी दोन आठवडे तर कधी दोन दिवस, फुकट मिळतो. अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही अशी अट असते. चाळीस-साठ तासांचा गेम असेल तर रात्री जागून, जेवणाचं ताट मांडीवर घेऊन तो संपवायचा आणि ठरल्या मिनिटाला मत टाकायचं. उशीर झाला की वाचक दुसरीकडे गेलेला असतो. ज्या खेळाचा आनंद तुम्ही सुट्टीभर रोज तासभर घेणार, तो त्या माणसाने दमलेल्या डोळ्यांनी चार दिवसांत गिळलेला असतो. यात त्याचा दोष नाही, पण तुमचं खेळणं आणि त्याचं खेळणं वेगळं, हे डोक्यात ठेवायला हवं.

आणि मार्कांची पद्धत आपल्यासारखीच झाली आहे. आपल्याकडे ३५ ला पास म्हणतात, पण ७० मिळाले की शेजारी ‘बरे आहेत’ म्हणतात आणि त्या ‘बरे’चा अर्थ सगळ्या घराला कळतो. गेममध्येही तसंच. दहापैकी पाच म्हणजे मध्यम असायला हवं. प्रत्यक्षात सात म्हणजे मध्यम, सहा म्हणजे नापास, आणि पाचच्या खाली सहसा कुणी उतरत नाही.

हे सगळं गमतीवारी नेता आलं असतं, जर त्या आकड्यावर माणसांची पोटं अवलंबून नसती.

‘फॉलआउट: न्यू व्हेगास’ हा गेम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आला. बनवणारा स्टुडिओ ऑब्सिडियन, पैसे घालणारा पब्लिशर बेथेस्डा. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस, असं ठरलं होतं. मिळाले ८४. बोनस गेला. ऑब्सिडियनचे ख्रिस अव्हेलोन यांनी २०१२ मध्ये हे उघडपणे सांगितलं, आणि त्याच सुमारास त्या स्टुडिओत नोकरकपातही झाली होती. खरं सांगायचं तर गेम आला तेव्हा बग्जनी भरलेला होता, माणसं भिंतीत अडकायची, गेम मध्येच बंद पडायचा. मार्क कापणारे चुकले असं मी म्हणत नाही. पण तो गेम आज लोक आपापल्या आवडत्या दहांत घालतात, त्यावर अजून तासन्‌तास वाद घालतात, आणि ज्यांनी तो लिहिला त्यांना एका मार्काने क्लास हुकला. सर, एका मार्कासाठी तुमच्या दारात रडत आलेली मुलं तुम्हाला आठवत असतील. इथे ग्रेस मार्क नव्हते.

बरं, भरपूर मार्क पडले तर सुटका होते का? ‘हाय-फाय रश’ची गोष्ट ऐका. टोकियोचा टँगो गेमवर्क्स स्टुडिओ, मालक मायक्रोसॉफ्ट. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी गेम जाहीर केला आणि त्याच दिवशी विकायलाही काढला. गाण्याच्या तालावर मारामारी करायची, ठोसा ठेक्यावर बसला तर जास्त लागतो. कपाटं, झाडं, कारखान्यातली यंत्रं, सगळं तालावर डुलतं. मी खेळताना माझा पाय आपोआप हलत होता आणि स्वयंपाकघरातून आई विचारत होती, की हे काय चाललंय. रिव्ह्यू उत्तम आले. मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने सगळ्या मापांनी यशस्वी म्हणून त्याचं जाहीर कौतुक केलं. २०२४ मध्ये ॲनिमेशनसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करत असल्याचं सांगितलं. पहिला नंबर आलेल्या मुलाला शाळेतून काढावं, तसं. पुढे ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने स्टुडिओ आणि गेमचे हक्क घेतले. क्राफ्टन म्हणजे तुमच्या घरातली मुलं मोबाइलवर जो बीजीएमआय खेळतात, त्याची कंपनी. म्हणून टँगोचं नाव तरी उरलं.

कमी मार्कांनी बोनस जातो आणि जास्त मार्कांनी नोकरी वाचत नाही. मग तो आकडा नक्की कुणाच्या कामाचा? जाहिरातीच्या. डब्यावर छापायला, ट्रेलरच्या शेवटी झळकवायला आणि नातवाच्या वहीच्या पानावर उतरवून घ्यायला.

फेरतपासणीबद्दल सरांनी विचारलंय. त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि इथेच सगळ्यात मोठी गडबड आहे.

डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या स्टुडिओचा ‘सायबरपंक २०७७’ आला. वर्षानुवर्षं वाट बघितलेला गेम. आधी रिव्ह्यू करणाऱ्यांना फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली होती. कन्सोलवर तो कसा चालतो हे कुणी आधी पाहिलंच नव्हतं. पीसीचे मार्क बघून लोकांनी जुन्या प्लेस्टेशन ४ साठी पैसे मोजले, आणि तिथे गेम धड चालेना. चेहरे उशिरा उमटायचे, गाड्या हवेत लटकायच्या, मधेच सगळं बंद. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत करायची तयारी दाखवली. तो परत विक्रीला आला जून २०२१ मध्ये. पुढे दुरुस्त्या होत राहिल्या, सप्टेंबर २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर तर गेमचा कायापालट झाला. आज घेणाऱ्याला जो गेम मिळतो आणि त्या डिसेंबरमध्ये जो मिळाला, त्यांचं नाव सोडून फारसं काही सारखं नाही. पण पहिल्या आठवड्यात पडलेले मार्क तसेच आहेत.

‘नो मॅन्स स्काय’चंही तेच, उलट्या दिशेने जास्त हृद्य. इंग्लंडमधल्या हॅलो गेम्स या छोट्या स्टुडिओने २०१६ मध्ये अवाढव्य विश्व देण्याचं वचन दिलं, आणि लोकांना मिळालं ते बरंचसं रिकामं. शिव्यांचा पाऊस पडला. त्या लोकांनी दार लावून घेतलं आणि काम केलं. वर्षामागून वर्षं फुकट अपडेट. ज्यांनी पहिल्या दिवशी पैसे भरले होते त्यांना एक रुपयाही जास्त न देता पूर्ण नवा गेम मिळाला. स्टीमवर खेळाडूंची मतं पहिल्यांदा जवळजवळ सगळी विरोधात होती, ती २०२४ पर्यंत ‘खूप चांगला’पर्यंत चढली. समीक्षकांची सरासरी मात्र २०१६ मध्ये होती तिथेच. दहावीचं मार्कशीट माणूस पन्नाशीचा झाला तरी तेच, तसं.

मीसुद्धा फसलेली आहे, लपवत नाही. एका गेमला सगळीकडे दहापैकी नऊ पडलेले बघून पहिल्याच दिवशी चार हजारांचा डिजिटल गेम घेतला. नाव सांगत नाही. माझ्या जुन्या कन्सोलवर तो दर वीस मिनिटांनी झोपायचा. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, की एकदा डाउनलोड केलात, आता काही होणार नाही. दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, ‘मला विचारलं का नाहीस?’ त्याने तो गेम महिनाभराने, अपडेट आल्यावर, सेलमध्ये अर्ध्या किमतीत घेतला आणि आनंदाने खेळला. मला अजून राग आहे, गेमवर कमी आणि दादावर जास्त.

समीक्षकांवर दबाव येतो का, असा एक प्रश्न सूनबाईंनी खाली जोडलाय. येतो, कधीकधी. सगळ्यात गाजलेलं प्रकरण २००७ चं. गेमस्पॉट या मोठ्या वेबसाइटचे जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ या गेमला दहापैकी सहा दिले. त्या वेळी त्याच गेमच्या जाहिराती वेबसाइटभर लागलेल्या होत्या. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. पाच वर्षांनी, २०१२ मध्ये, त्यांनी स्वतः त्यामागच्या जाहिरातदारांच्या दबावाबद्दल सांगितलं. आज ती जागा यूट्यूबवाल्यांनी घेतली आहे. आपल्याकडे २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचे नियम आहेत, की पैसे किंवा वस्तू घेऊन कौतुक केलं असेल तर तसं स्पष्ट लिहायला हवं. व्हिडिओ बघताना ती बारीक पाटी शोधायची सवय लावून घ्या. दुधाच्या पिशवीवर तारीख बघतो तशी.

मग म्हणाल, सामान्य खेळाडूंचीच मतं धरू. तिथेही सांभाळून. जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ आला, तेव्हा काही तासांत हजारो लोकांनी शून्य मार्क ओतले. पंचवीस-तीस तासांचा गेम, आणि लोकांनी तो दुपारच्या आत संपवून शून्य दिला म्हणे! त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला, की गेम आल्यावर पहिले ३६ तास लोकांना मार्क देता येणार नाहीत. म्हणजे निदान एक रात्र झोप काढून रागवा.

आता सरांच्या यादीतल्या शेवटच्या नावाकडे येते. ‘राजी’. माझा अंदाज आहे, की हे नाव नातवाने आजोबांना पटवण्यासाठी घातलंय. हुशार आहे मुलगा. कारण या गेममध्ये दुर्गामाता आहे, विष्णू आहे, त्रिशूळ आहे.

‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ पुण्यात बनला. नॉडिंग हेड्स गेम्स हा स्टुडिओ, मूठभर माणसं. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, तरी ते मागे हटले नाहीत. २०२० च्या ऑगस्टमध्ये गेम पहिल्यांदा आला तो निन्टेन्डो स्विचवर. आता गंमत बघा. निन्टेन्डोने तो कन्सोल आपल्या देशात अधिकृतपणे आणलाच नव्हता. पुण्यात बनलेला, राजस्थानी वाड्यांमध्ये घडणारा, रक्षाबंधनाच्या दिवशी सुरू होणारा गेम पहिल्यांदा अशा मशीनवर आला, जे पुण्यातल्या मुलाला घ्यायचं तर परदेशातल्या मामाला सांगावं लागायचं किंवा आयात माल विकणारा दुकानदार गाठावा लागायचा. बाकीच्या मशीनवर तो ऑक्टोबरमध्ये आला.

मी तो आईसमोर खेळले. राजी नावाची डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू. राक्षस गोलूला पळवून नेतात, दुर्गामाता राजीला त्रिशूळ देते, आणि ती भावाच्या मागे निघते. वरून दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत असतात: ही पोर टिकेल का, हिला मदत करायची का. मधली गोष्ट छायाबाहुल्यांमधून दिसते. आई भाजी निवडत होती. पहिली दहा मिनिटं तिने मान वर केली नाही. मग एका भिंतीवरची चित्रं आली, आणि ती म्हणाली, ‘अगं, थांब जरा. हा महिषासुर ना?’ मग मला थांबवून तिने ती गोष्ट सांगितली, आणि गेममध्ये कुठे वेगळं केलंय तेही सांगितलं. माझ्या आईने आयुष्यात एवढ्या एकाच गेममध्ये मला चुका काढून दाखवल्या आहेत. परदेशी समीक्षकाच्या खोलीत भाजी निवडणारी आई नव्हती. त्याला ती भिंत म्हणजे सुंदर भिंत दिसली. तसं त्याने लिहिलंही. पण तो मार्क देणार लढाईला, उड्यांना, लांबीला.

आणि तिथे तो चुकला नाही, हेही सांगते. आपला म्हणून पाठीशी घालणार नाही. राजीची मारामारी काही वेळाने तीच तीच वाटते. उडी मारताना कधीकधी कॅमेरा अशा कोपऱ्यात असतो, की आपण खड्ड्यात पडतो आणि चूक कुणाची हे कळत नाही. पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि संपतो तोही असा अचानक, की मला वाटलं लाइट गेली. सत्तरीच्या आसपासचे मार्क अन्यायाचे नव्हते. त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं होतं, हेही त्याच गेमचं दुसरं मार्कशीट. मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, घ्या, सेलमध्ये घ्या, आणि खेळताना घरातलं वयस्कर माणूस शेजारी बसवा. असं वाक्य कुठल्या आकड्यात मावतं?

(सर, तुमच्या हैदराबादचाही यात मान आहे. पूर्णपणे भारतात बनलेला प्लेस्टेशन २ चा पहिला गेम म्हणून ज्याचा गाजावाजा झाला तो ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ मध्ये तुमच्याच शहरातल्या स्टुडिओने केला होता. खेळायला मात्र नका शोधू.)

पुण्यातलीच आणखी एक गोष्ट मला टोचते. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या टीमकडे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करायचं काम होतं. २०२० मध्ये ट्रेलर आला आणि जगभर टिंगल झाली, की चित्रं जुनाट दिसतात. दिसत होती, खरं आहे. तारखा पुढे गेल्या आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या टीमकडे गेलं. एकाही समीक्षकाने एकही मार्क देण्याआधी पेपर काढून घेतला. त्या टिंगलीत मीही एक ओळ लिहिली होती. तेव्हा पलीकडे कोण बसलंय याचा विचार केला नव्हता.

असो. सरांना कन्सोल घ्यायचाय, त्यामुळे थोडं व्यवहाराचं.

डब्याची किंमत ही खरी किंमत नसते. कन्सोल बनवणारे सुरुवातीला मशीनवर फारसा नफा ठेवत नाहीत, कधी तोट्यातही विकतात. २००६ मध्ये सोनीने प्लेस्टेशन ३ असाच तोट्यात विकला होता. कमाई पुढे गेममधून होते, कारण प्रत्येक विक्रीतला वाटा, साधारण तीस टक्के, त्यांच्याकडे जातो. म्हणून मशीनबरोबर तीन वर्षांचे गेम, दुसरा रिमोट आणि ऑनलाइन खेळायचं असेल तर वर्गणी, असा पूर्ण हिशेब आधीच मांडा. मोठ्या गेमची पहिल्या दिवशीची किंमत पाच हजारांपर्यंत जाते.

याच कारणासाठी मी सांगेन, की डिस्कची फट असलेलं मशीन घ्या, ते थोडं महाग असलं तरी. बिनडिस्कचं स्वस्त पडतं, पण मग दुकान एकच उरतं, कंपनीचं. डिस्क असली की गेम संपवून विकता येतो, मित्राशी बदलता येतो, जुना अर्ध्या भावात आणता येतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत पालिका बाजार, चेन्नईत रिची स्ट्रीट. तुमच्या शहरातही असा एखादा गल्लीतला दुकानदार असेलच, जो गेम हातात देताना ‘साहेब, हा नको, तो घ्या’ म्हणतो. त्याचं ऐका. त्याला तुम्ही पुन्हा यायला हवे असता.

आता यादीतलं पहिलं नाव. ‘जीटीए फाइव्ह’चे ९७ खोटे नाहीत. फार कमी गेम इतके ताकदीने बनलेले आहेत. पण ते ९७ कारागिरीचे आहेत. तो गेम कुणासाठी आहे हे दुसरा आकडा सांगतो, डब्याच्या कोपऱ्यातला, छोटासा. युरोपच्या पद्धतीत तिथे १८ लिहिलंय. अमेरिकेच्या पद्धतीत सतरा वर्षांपुढच्यांसाठी. खून, शिव्या, नशा, छळाचा एक प्रसंग तर मला चाळिशीत बघवला नाही. नातू सोळाच्या आतबाहेर असणार. नाही म्हणा, आणि का ते सांगा. तो ‘सगळे खेळतात’ म्हणेल. खेळतात, हे खरंच आहे.

त्याऐवजी दोन नावं देते. प्लेस्टेशन ५ घेतलात तर ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ हा गेम आत फुकट येतो. छोटा रोबो, चार-पाच तासांचा खेळ, रिमोट हातात थरथरतो तेव्हा पाऊस पडतोय की बर्फावर चालतोय हे कळतं. रिमोट कधी न धरलेल्या माणसाने इथूनच सुरुवात करावी. दुसरा ‘इट टेक्स टू’. स्वीडनच्या हेझलाइट स्टुडिओचा, २०२१ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरलेला. तो एकट्याने खेळताच येत नाही. दोन माणसं, अर्धा अर्धा पडदा, एकाने खिळा फेकायचा आणि दुसऱ्याने हातोडीने झोका घ्यायचा. गोष्ट मात्र घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईवडिलांची आहे, आणि त्यात एक खेळण्यातल्या हत्तिणीचा प्रसंग आहे जो फार लहान मुलांना दाखवू नये. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

हे सगळं सरांना मी आधीच कळवलं होतं, कारण सदर छापून येईपर्यंत नातू थांबणार नव्हता. परवा उत्तर आलं. डिस्कवालं मशीन घेतलंय. जीटीएवर घरात दोन दिवस अबोला होता, आता तह झालाय: अठरा पूर्ण झाल्यावर, स्वतःच्या पैशाने. दुसरा रिमोट सरांनी स्वतःसाठी घेतलाय. खिळे आणि हातोडीच्या पहिल्याच पायरीवर ते सतरा वेळा पडले आणि नातू त्यांना म्हणाला, ‘आजोबा, पुन्हा करा, मी थांबतो.’ सरांनी पडल्याची संख्या मोजून ठेवली आहे. गणिताचे ना. आता विचारतात, की राजी किती दिवसांनी सेलमध्ये येईल, आणि उडी मारायचं बटण कुठलं ते मोठ्या अक्षरात लिहून पाठवता येईल का.